बोर्डापुढे चकचकीत लालसू

लालसूच्या एका पत्राला मी तीन वर्षं उत्तर दिलं नाही. पत्र एवढंच होतं: ‘गुरुजी, खाज परत आली. आता तेल लावू का नको?’

लालसू माझा ब्रह्मपुरीच्या शाळेतला विद्यार्थी. फौजेत गेला आणि सोरायसिस घेऊन परतला. कोपरं-गुडघे सीताफळासारखे झालेले, पट्टा आवळला की रक्त. डिसॅबिलिटी पेन्शनसाठी त्याला मेडिकल बोर्डापुढे उभं राहायचं होतं. तयारी माझ्यावर सोड, असं मी त्याला छाती काढून सांगितलं. मला छाती आहे हे मलाही तेव्हाच कळलं!

साहेबापुढे नीटनेटकं जावं, हे मी मुलांना तीस वर्षं शिकवलं. म्हणून त्याला आठ दिवस घरी ठेवून सकाळ-संध्याकाळ करंजाचं तेल चोळलं. माझी बायको धुरपता म्हणाली, “त्याले पेन्शनले नेऊन राह्यले का पोरगी पाहाले?” मी सोबत माझ्या हातचा एक दाखलाही दिला.

बोर्डाच्या खोलीचं दार उघडं होतं. मी बाहेर बाकावर. लालसू शर्ट काढून उभा राहिला, परेडच्या बुटासारखा चकचकीत. डॉक्टरांनी कोपर उलटसुलट पाहिलं, मग दाखला वाचला. सवयीने मी लिहून गेलो होतो: ‘वर्तणूक चांगली. प्रकृती निरोगी.’ तेल कुठलं, असं त्यांनी विचारलं. लालसूने टाचा जुळवून माझ्याकडे बोट केलं. डॉक्टरांनी स्वतःच्या मानेवरच्या खाजेसाठी कृती लिहून घेतली आणि पेन्शन नामंजूर केली.

परतताना बसमध्ये तोच मला समजावत होता. “जाऊ द्या गुरुजी, कातडी तं बरी झाली ना.”

पंधरा दिवसांत खवले परत आले. मग ते पत्र.

उत्तराचे मसुदे मी पुष्कळ केले. क्षमेच्या ओळीशी आलो की शब्द बदलत बसायचो. गेल्या आठवड्यात धुरपता बाजारात लालसूच्या बायकोला भेटून आली. त्याची वॉचमनची नोकरीही गेली होती. वर्दी अंगाला सोसत नव्हती.

“अपील केलं तं तुमचं नाव सांगावं लागते,” धुरपता म्हणाली. “म्हनून करून नाई राह्यला तो.”

काल अपिलासाठी माझा जबाब लिहिला. तेल माझं, दाखला माझा, आजार खरा. अकरा वेळा तपासला. सोबत लालसूला चार ओळी: अपील कर, माझं नाव घे. दोन्ही कागद पाकिटात घातले आणि आज पाकीट टपालपेटीत टाकलं.

पेटीतून हात काढताना आठवलं, जबाब तपासला, पत्र तपासलंच नाही. त्याची पहिली ओळ सवयीने अशी गेली आहे: ‘तुझी प्रकृती उत्तम असेलच.’