पेंढारकर काकांचा मोड

आमच्या लखनौच्या अलीगंजातल्या पेंढारकर काकांसमोर केक कापायचा असेल तर मेणबत्त्या जरा जाड आणाव्यात. काका व्हिडिओ कॅमेरा डोळ्याला लावतात आणि विचारतात, "इंटरलेस्ड ठेवू की प्रोग्रेसिव्ह?" ते ठरेपर्यंत बारीक मेणबत्त्या टिकत नाहीत.

उत्तरही तेच देतात. "हे बघ, इंटरलेस्डमध्ये चित्राच्या एकाआड एक ओळी आधी, उरलेल्या मग. हालचाल कशी सायीसारखी मऊ दिसते. पण चित्र थांबवलंस की हलत्या हाताला कंगव्याचे दात. प्रोग्रेसिव्हमध्ये अख्खं चित्र एकदम, स्वच्छ. पण पळणारा माणूस जरा अडखळतो." यावर कोणी "काहीही ठेवा" म्हटलं की काका दुखावतात. "काहीही ठेवायला ही फ्रीजमधली भाजी आहे का?"

काका बँकेच्या बदलीवर सांगलीहून लखनौला आले आणि इथलेच झाले. कॅमेरा निवृत्तीनंतर आला. "आधी मोड, मग मूड," हे त्यांचं ब्रीद.

गेल्या गणपतीत आम्ही मंडळाच्या बायकांनी लेझीम बसवलं. काकांनी इंटरलेस्ड लावलं, बदलून प्रोग्रेसिव्ह केलं, पुन्हा इंटरलेस्डवर आले. तोवर लेझीम संपून आम्ही पंख्याखाली बसलो होतो. काका शांतपणे म्हणाले, "आता ठरलं. करा सुरू." आम्ही पुन्हा नाचलो.

ढोलवाला म्हणाला, "अंकल जी, अगली बार घर से सोचकर आइएगा."

"सोचकर ही आया था, बेटा. यहाँ रोशनी बदल गई."

हिवाळ्यात काकू लेकीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेल्या. एका दुपारी मी थालीपीठ घेऊन काकांकडे गेले. टीव्हीवर काकू ओट्यापासून दारापर्यंत हात हलवत चालत होत्या. मग परत तेच. प्रत्येक कार्यक्रमाआधी काका दोन्ही मोड काकूंवर तपासून बघायचे, हे मला तेव्हा कळलं. साड्या वेगवेगळ्या, वैताग तोच. "किती वेळा चालू? दूध उतू जातंय," काकू टीव्हीतून म्हणाल्या.

"फरक बघतोय," काका मला म्हणाले.

"मग कुठलं बरं?"

काका टीव्हीकडे बघतच म्हणाले, "दोन्हींत दमलेली दिसते गं. तिकडे तरी दुपारची जरा पडत असेल ना?"

मी काकूंचा नंबर लावून फोन त्यांच्या हातात दिला. काकांनी आधी टीव्हीचा आवाज बंद केला.

"काही नाही," ते फोनवर म्हणाले, "सहज केला."