बारकूचे उष्टावण

मामाने पहिला घास भरवल्याशिवाय सापाचे पिल्लू जेवत नाही, ही गोष्ट शेंबड्या पोरालाही ठाऊक असताना ज्या कुणी सर्पवाटपाच्या अर्जात मामाचा रकाना ठेवला नाही, त्याने आयुष्यात उपाशी पिल्लू जवळून पाहिलेले नसणार. अर्जात घराची लांबी-रुंदी आहे, भिंतीतल्या बिळांची संख्या आहे, अर्जदाराच्या अंगठ्याचा ठसा दोनदा आहे. मामा नाही.

धानोलीत उंदीर फार, म्हणून नगरपरिषद दर घरामागे धामणीचे एक पिल्लू देते. मंदाकिनी ढोमणेला दोन वर्षांनी नंबर लागून मिळाले. ती घरीच शिवणक्लास चालवते; मुलगी लग्न होऊन राजनांदगावला गेल्यापासून घरात एकटीच असते. पिल्लू दोन वितींचे होते. पहिल्याच दिवशी ते शिलाई मशीनच्या खणात, बॉबिनींच्या मध्ये जाऊन झोपले आणि मंदाकिनीने त्याचे नाव बारकू ठेवले. त्या दिवसापासून तिने मशीन चालवणे बंद केले आणि ती क्लासच्या मुलींकडून नुसती हातशिलाई करून घेऊ लागली. मुलींची काजे कधी नव्हे इतकी सुबक येऊ लागली. बारकू मात्र जेवेना.

तिसाव्या दिवशी सर्पसेविका मेंढेबाई सायकलवरून आल्या. त्यांनी छताच्या कडीला काटा टांगला, बारकूला झोळीत घातले आणि वाढीच्या तक्त्यावर टिंब काढले.

"चौदा ग्रामचा होता, अकरावर आला. ताई, लाल पट्ट्यात गेला तुमचा. काय काय देऊन पाहिलं?"

"पाल दिली. बेडकी दिली. उंदराचं कोवळं पिल्लू कोमट करून दिलं. वास घेते, माझ्याकडे पाहते, अन् मग दाराकडे पाहते."

"वाट पाहते तो. मामा कुठं राहतात त्याचे?"

मंदाकिनीने दोऱ्याचे रीळ उचलून दुसऱ्या जागी ठेवले. "मामा नाही त्याले."

मेंढेबाईंनी तक्त्याच्या कडेला 'मामा – निरंक' असे लिहिले. मग नियमाप्रमाणे मानलेला मामा शोधण्यात आला. शेजारचे तुरकर गुरुजी आंघोळ करून, धुतलेले धोतर नेसून आले. चिमट्यात बेडकी धरून ते शाळेत कविता म्हणायचे त्या आवाजात म्हणाले, "घ्या भाचेराव." बारकूने त्यांचे पूर्ण ऐकून घेतले, सौजन्य म्हणून दोनदा जीभ हलवली आणि तो खणात निघून गेला.

"मले वाटलंच होतं," गुरुजी खट्टू होऊन म्हणाले. "माझा चेहराच काकाचा आहे."

पंचेचाळीस दिवसांत न जेवलेले पिल्लू नगरपरिषदेच्या गोदामात परत जाते. गोदामात नंबर घातलेले पत्र्याचे डबे आहेत, आणि तिथे कुणाचेच आजोळ नाही. गोदामातून परत आलेले पिल्लू धानोलीत अजून कुणी पाहिलेले नाही. ही व्यवस्था ज्यांना चालते त्यांना चालते. मंदाकिनीला ती चालली नाही. चाळिसाव्या दिवशी काटा नऊ ग्रामवर थांबला आणि मेंढेबाई झोळीची घडी घालू लागल्या, तेव्हा ती म्हणाली, "आहे."

"काय आहे?"

"मामा."

"मंग खोटं काहून सांगितलं? किती लांब राहतात?"

"फाटकाच्या पलीकडे. सायकलनं अकरा मिनिटं."

मेंढेबाईंनी 'निरंक' खोडले. फोन लावला मंदाकिनीनेच. पलीकडे वामन लांजेवार, तिचा थोरला भाऊ, होता. सहा वर्षांत त्याचा आवाज तिने ऐकला नव्हता. आवाज जरा जड झाला होता.

"दादा, मी."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"पिल्लू जेवत नाही," ती म्हणाली.

"तुमच्याकडे मामाशिवाय कार्य होते ना? करून घ्या."

"तेव्हा झालं. याले चालत नाही."

"वजन किती?"

"नऊ ग्राम."

पलीकडे कुकरखालचा गॅस बंद झाला. "सकाळी येतो," वामन म्हणाला. "जेवणार नाही. काम झालं की निघीन."

सकाळी तो आला तेव्हा इस्त्रीचा सदरा घालून आला, आणि रुमालात बांधून आईची चांदीची वाटी घेऊन आला. वाटीत एवढीशी बेडकी होती. बारकूला पाटावर ठेवले होते. वामन दारातच चप्पल काढून पाटासमोर बसला, आणि बारकूने पहिल्यांदा दाराकडे पाहायचे सोडून समोर पाहिले. पण वाटी पुढे केली तरी त्याने तोंड उघडले नाही.

"थांबा भाऊ, आधी कागद," मेंढेबाई म्हणाल्या. उष्टावणाला तीस दिवसांवर उशीर झाला तर 'विलंबाचे कारण' हा अर्ज आईने भरायचा आणि पिल्लासमोर वाचायचा असतो. सापाला कान नसतात, म्हणून वाचताना हनुवटी पाटाला टेकवावी लागते. पिल्लू जेवले तर कारण मान्य झाले.

मंदाकिनीने अर्ज आधीच भरून ठेवला होता. ती वाकली आणि पाटाला हनुवटी लावून तिने वाचले, "काही घरगुती अडचणींमुळे विलंब झाला, तरी क्षमस्व."

बारकूने मान फिरवली.

मेंढेबाईंनी पिशवीतून दुसरा कोरा अर्ज काढला. "मी दोन घेऊनच येतो. पहिल्यावर कोणाचाच जेवत नाही."

दुसरा अर्ज लिहायला मंदाकिनीला वेळ लागला. एकदा पेन थांबले, एकदा तिने खिडकीबाहेर पाहिले. वामन बेडकी वाटीबाहेर जाऊ नये म्हणून वर तळहात धरून बसला होता. मग ती पुन्हा वाकली. तशा अवस्थेत तिला भावाचा चेहरा दिसत नव्हता, फक्त गुडघे दिसत होते.

"मुलीच्या लग्नात सरबताचा बर्फ संपला," तिने वाचले. "मी दादाला म्हटलं, तूच जा, दुसऱ्या कोणावर भरवसा नाही. तो गेला. भटजींनी मामाला हाक मारली, की मुलीला बोहल्यावर आणा. मुहूर्ताला सात मिनिटं होती. सासरकडचे घड्याळ दाखवत होते. मी सात मिनिटं थांबले नाही. परक्या माणसाला मामा म्हणून उभं केलं. दादा परत आला तेव्हा अंतरपाट खाली येत होता. मला तो दिसला. मी दुसरीकडे पाहिलं. तो न जेवता गेला. चूक माझी होती आणि ती मला त्याच दिवशी माहीत होती. विलंबाचं कारण हे आहे."

वामनने वाटीवरचा तळहात नीट केला.

"दोन लाद्या होत्या," तो पाटाकडे पाहत म्हणाला. "भुशात बांधून आणल्या होत्या. एवढीशीही वितळू नाही दिली मी."

"माहीत आहे, दादा. मांडवाच्या कोपऱ्यात संध्याकाळपर्यंत होत्या."

वामनने वाटी पुढे केली. "घे बाबू," तो म्हणाला. बारकू सरपटत आला, त्याने वाटीच्या काठावर मान टेकवली आणि बेडकी डोक्याकडून धरली. मेंढेबाईंनी घड्याळ पाहून वेळ लिहिली. बारकूचा जबडा एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून पुढे सरकू लागला.

बेडकी अर्धी आत गेली तशी वामन गुडघ्यावर हात देऊन उठला. "चला. झालं काम."

"जेवून जा ना, दादा. वरण-भात आहे, वांग्याची भाजी आहे."

"भूक नाही."

बारकू थांबला. तोंडातून बेडकीचे दोन पाय बाहेर होते. तो आत घेईना, बाहेर टाकीना.

"भाऊ," मेंढेबाई हळूच म्हणाल्या, "पिल्लाचं अर्ध्यावर अडकलं तर वाचत नाही."

वामन दारात उभा राहिला, एका पायात चप्पल घातलेली. त्याने बारकूकडे पाहिले, मग बहिणीकडे. ती रडत नव्हती. ताट हातात धरून उभी होती. त्याने चप्पल काढली.

"भात कमी वाढ," तो म्हणाला आणि पाटाशेजारी मांडी घालून बसला.

त्याने पहिला घास घेतला तसा बारकूचा जबडा पुन्हा हलला. दुसऱ्या घासाला एक पाय आत गेला, तिसऱ्याला दुसरा. मंदाकिनीने भाजी वाढली, वामनने पुरे म्हटले, तिने आणखी वाढली. बारकू पोटात एक गोळा घेऊन सावकाश वामनच्या मांडीवर चढला आणि वेटोळे करून पडला. वामन त्यानंतर हलला नाही. पाणीसुद्धा त्याने बहिणीकडून हातात घेतले.

मेंढेबाईंनी 'कारण मान्य' असा शिक्का मारला, तक्त्यावर नवे टिंब काढले आणि काटा पिशवीत भरला. दारात सायकलचे स्टँड काढताना त्यांना काही आठवले.

"महिन्याभरात पहिली कात टाकेल हा," त्या म्हणाल्या. "जावळासारखंच असते ते, मांडी मामाचीच लागते. तर भाऊ, तेवढ्यात कुठं गावाला जाऊ नका."