मडक्याची कावीळ

आमच्या शेजारच्या आप्पांना "तब्येत बरी दिसतेय" म्हणायची सोय नव्हती. चष्मा नाकावर ओढून ते लगेच विचारायचे, "कशावरून?"

सणसवाडीच्या कारखान्यात माल तपासण्यात त्यांचा जन्म गेला. रिटायर होऊन शिरूरला आले आणि माल नव्हता म्हणून माणसं तपासू लागले. कलिंगडवाला "साखर हाय, साखर!" ओरडला की आप्पा म्हणायचे, "कशावरून?" एका सोयरिकीच्या बैठकीत "मुलगा निर्व्यसनी आहे" असं कुणीतरी म्हणालं. यांनी भर बैठकीत तेच विचारलं. पुढं गल्लीत कुणी त्यांना चहालाही बोलावेना. मलाही त्यांचा कंटाळा यायचा, खोटं कशाला बोलू?

मग माझ्या बायकोला, सुनंदाला, कावीळ झाली. सासूबाईंनी केंदूरहून माळ आणली. ओल्या काड्यांची ही माळ डोक्यावर ठेवायची. ती वाढत वाढत खाली उतरते आणि तिच्याबरोबर कावीळही उतरते, अशी आमच्याकडची समजूत. दोन दिवसांत माळ गळ्यात आली. घर हरखलं. सुनंदाच्या पोटात मात्र पाणी ठरेना, डोळे उघडेनात.

"उतार पडतोय," सासूबाई म्हणाल्या.

"कशावरून?" दारात आप्पा उभे.

सासूबाई भडकल्या. "माळ दिसंना व्हय तुम्हाला?"

आप्पा तडक घरी गेले आणि एक मडकं घेऊन आले. उपड्या मडक्याला तसलीच माळ घातलेली, पार काठापर्यंत उतरलेली.

"तुमच्या मागनंच जाऊन आणली, त्याच माणसाकडनं. ह्या मडक्याला कावीळ झालती का? काड्या वाळत्यात, गाठी सैल पडत्यात, माळ वाढती. पोरीला दवाखान्यात न्या. आत्ताच्या आत्ता!"

मला हसू येणार होतं. पण आप्पा मडकं खाली ठेवून सुनंदाच्या चपला शोधू लागले होते. मी जीप बोलावली.

सुनंदा वाचली. डॉक्टर म्हणाले, अजून उशीर केला असता तर कठीण होतं. ती हिंडूफिरू लागल्यावर आम्ही डबा घेऊन आप्पांकडे गेलो. त्यांनी डबा उघडलाच नाही. तिच्याकडे बघत बसले.

"हिची माळ कमरंपोतर आली व्हती," भिंतीवरच्या काकूंच्या, म्हणजे त्यांच्या बायकोच्या, फोटोकडं मान करून ते म्हणाले. "म्या पेढं वाटलं गल्लीत. दुसऱ्या दिवशी गेली. जलमभर माल तपासला, आन् तवा कुणाला काय इचारलं न्हाई."

मला फार वाईट वाटलं. सुनंदालाच राहवलं नाही.

"आप्पा, काकूंचं दुखणंच मोठं असेल. दवाखान्यात नेलं असतं, तरी त्या हाती लागल्या नसत्या."

आप्पांनी चष्मा नाकावर ओढला. ओठ हलले. मी वाट बघत राहिलो.

"व्हय," ते म्हणाले. "तसंच आसंल."