गोजरबाईच्या हाताचा गुण

वारंगा फाट्यावर औषधांच्या उरलेल्या गोळ्या टाकण्यासाठी ठेवलेली पेटी प्रेमानंद सरांनी उघडली, तेव्हा ती रिकामी निघाली. सरांना वाईट वाटलं. लोकांनी काही टाकलंच नाही, असा त्यांचा समज झाला. लोक रोज टाकत होते आणि रोज नेतही होते, हे त्यांना अजून कळायचं होतं.

सर कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. निवृत्त माणूस एक तर शेतात खोली बांधतो, नाही तर संस्था काढतो. सरांनी संस्था काढली आणि त्याला कारण त्यांचा कुत्रा होता. कुत्र्याचं नाव वकील. उलटतपासणी घेतल्याशिवाय तो कुणाला फाटक ओलांडू देत नसे. उन्हाळ्यात त्याच्या मागच्या पंजात काच घुसली आणि जखम काही केल्या भरेना. सरांची मुलगी दीक्षा परभणीला जनावरांची डॉक्टर. तिनं जखमेतला पू तपासून घेतला, तर नेहमीच्या एकाही औषधाला त्यातले जंतू दाद देईनात.

"पप्पा, ह्याला आधी काय काय दिलंय?" तिनं फोनवर विचारलं.

सरांनी बायकोकडे, करुणाबाईंकडे पाहिलं. करुणाबाईंनी कपाटाकडे पाहिलं. घरात कुणाचा ताप उतरला, कुणाचा घसा मोकळा झाला, की उरलेली गोळी गुळात घोळून, भाकरीत घालून वकिलाला देण्याची त्या घरात रीत होती. भाकर टाकू नये, तसं औषधही टाकू नये. घरादारानं अर्धवट सोडलेले सगळे कोर्स वकील पुरे करत आला होता.

"म्हणून जंतू शहाणे झालेत," दीक्षा म्हणाली. "थोडं थोडं चाखून त्यांना सगळी औषधं पाठ झालीत. आता एकच चालण्यासारखं उरलंय. मिळायला वेळ लागेल, पण मागवते. ते नाही लागू पडलं तर पाय काढावा लागेल."

वकील तेव्हा पाय उचलून खाटेखाली बसला होता. सरांनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्याच आठवड्यात 'पाळीव प्राणी प्रतिजैविक-प्रतिरोध जनजागृती मंडळ' स्थापन केलं. हे नाव एका दमात म्हणू शकणारा माणूस मंडळात खुद्द सर सोडून दुसरा नव्हता. लोक 'गोळी मंडळ' म्हणत. सचिव म्हणून सरांचा जुना विद्यार्थी रत्नपाल याची एकमतानं निवड झाली, कारण त्याचं फ्लेक्सचं दुकान होतं.

पेटी लावण्याचं काम रत्नपालनं केलं. लोकांच्या नजरेत येईल अशी जागा त्यानं शोधली, आणि फाट्यावर अशी एकच जागा होती: सटवाजीच्या चहाच्या हॉटेलाला लागून असलेली माणुसकीची भिंत. भिंतीवर खुंट्या होत्या, खुंट्यांवर जुनी स्वेटरं, लेकरांचे बूट, एकदा तर नवरदेवाचा फेटा. वर ऑइलपेंटनं लिहिलेलं होतं: 'नको असेल ते ठेवा, हवं असेल ते घ्या.' त्याच्या बरोबर खाली मंडळाचा फ्लेक्स लागला: 'उरलेल्या गोळ्या जनावरांना देऊ नका. इथे ठेवा.' सरांनी फक्त खालचं वाचलं. लोकांनी सुरुवातीपासून वाचलं.

रिकामी पेटी पाहून सर सटवाजीच्या बाकावर चहा घेत बसले. तेवढ्यात मोटारसायकलवरून एक जण आला, खिशातून पाकीट काढून पेटीत टाकून गेला. सरांना इतका आनंद झाला की त्यांनी दुसरा चहा सांगितला. तो येईपर्यंत एक बाई आल्या, पाकीट काढलं, उलटंसुलटं करून पाहिलं आणि पदराला बांधलं.

"अहो ताई, काय करून राहिल्या?" सर धावले.

"गोळी नेऊन राहिले."

"कोणासाठी?"

"मांजरीसाठी. डोळा चिपडून गेलाय तिचा."

"पण ताई, जनावरांना देऊ नका असं लिहिलंय ना!"

"घरच्या देऊ नका म्हणलंय," बाई ठामपणे म्हणाल्या. "म्हणून तर घरातल्या ठिवून सोडल्या अन् मंडळाच्या घेऊन राहिले. इतकं वाचता येतं आमाला, सर."

सर बाकावर परत बसले. जनावरांच्या पोटात जाणारी औषधं थांबवण्यासाठी त्यांनी तालुक्यातलं पहिलं मोफत वाटप केंद्र सुरू केलं होतं.

त्यांनी रत्नपालला फोन लावला. रत्नपालनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"सर, फ्लेक्सवर 'घेऊ नये' असं वाढवतो. मोठ्या अक्षरात."

"फ्लेक्स राहू दे. कुलूप लाव."

कुलूप लागलं. किल्ली जवळच असावी म्हणून ती सटवाजीकडे दिली गेली. कुणी न्याय करायचा म्हटलं तर इथे चूक कुणाचीच नव्हती. भिंतीची देखभाल सटवाजीच करत असे आणि भिंतीवरच्या वस्तूसाठी कुणी हात पुढे केला तर नाही म्हणायचं नाही, हा भिंतीचा नियम होता. लोक किल्ली मागू लागले, सटवाजी देऊ लागला. नंतर लोकांना खेटे नकोत म्हणून त्यानं स्वतःच वाटप हातात घेतलं.

"लाल-पिवळी कुत्र्याला, धवळी मांजरीला," त्यानं सरांना पद्धत समजावून सांगितली. "अन् गुलाबी असंल तर शेळीला. आता कसं बराबर चालून राहिलंय. गडबड न्हाई."

"सटवाजी, हे रंगावरून कोणी ठरवलं?"

"कोणीतरी ठरवायलाच पाह्यजे ना, सर. तुमचा तर दिवसदिवस पत्ता नसतो."

सर दुसऱ्याच दिवशी पेटी काढून घरी नेणार होते. पण सकाळी दीक्षाचा फोन आला. औषध मिळालं होतं. परभणीहून येणाऱ्या एसटीच्या कंडक्टरकडे तिनं पुडकं दिलं होतं. तो फाट्यावर सटवाजीच्या हॉटेलात देणार होता. डोंगरकडा, कळमनुरीकडे जाणारं कुठलंही पुडकं फाट्यावर सटवाजीकडेच उतरतं आणि आजवर एकही हरवलेलं नव्हतं.

"आजच सुरू करा, पप्पा. सूज वर चढली तर मग माझ्या हातात काही नाही."

सर स्कूटर घेऊन निघाले. वाटेत ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आडव्या आल्यामुळे पोहोचायला उशीर झाला. सटवाजी दूध उकळत होता.

"पुडकं आलं का?"

"आलं की."

"कुठं हाय?"

"पेटीत टाकलं." सटवाजीनं सांडशीनं भिंतीकडे खूण केली. "औषध म्हणलं की पेटीत. तुमचाच नियम."

पेटी उघडी होती आणि मोकळी होती.

"सटवाजी! ते माझ्या वकिलाचं होतं!"

"वकिलांचं?" सटवाजी घाबरला. "कोण्या वकिलांचं? कोर्टातल्या?"

"कुत्र्याचं! कोणी नेलं ते सांग."

"गोजरबाईनं. डोंगरकड्याच्या. ती केळीवाली न्हाई का, ती तर रोजच नेती." सटवाजीनं जरा आठवून भर घातली. "पांढरंफेक पुडकं होतं. मांजरीचं समजून दिलं."

रत्नपालला दुकानातून उठवून मागे बसवलं आणि सर डोंगरकड्याला निघाले. दोन्ही बाजूंनी केळीचे मळे मागे पडत होते आणि सरांच्या डोळ्यांपुढे एक धष्टपुष्ट मांजर वकिलाचा पाय चघळत होती.

"सर, एक विचारू?" रत्नपाल मागून म्हणाला. "औषध मांजरीच्या पोटात गेलं असंल तर वार्षिक अहवालात कसं मांडायचं?"

"रत्नपाल, उतरून चालत येतो का?"

गोजरबाई अंगणात शेळीपुढे केळीच्या साली टाकत बसली होती. शेळी नको इतकी निरोगी दिसत होती.

"मावशी, सकाळी पेटीतून पुडकं आणलं ते... शेळीला दिलं का?"

"काहून देऊ? तिला काय झालं?"

"मग मांजरीला?"

"मांजर पाळत न्हाई मी. दुधावर टपती." गोजरबाईनं खाट झटकली. "बसा, मास्तर. पाणी घ्या. असे घामाघूम काहून झाले?"

"पुडकं कुठंय, मावशी?"

गोजरबाई आत गेली आणि पत्र्याची ट्रंक फरफटत बाहेर घेऊन आली. झाकण उघडलं. आत गोळ्या होत्या. लाल-पिवळ्या, धवळ्या, गुलाबी, अर्ध्या पाकिटातल्या, सुट्या, कागदात बांधलेल्या. फाट्याच्या पेटीत आजवर पडलेला निम्मा माल तिथं होता आणि सगळ्यात वर दीक्षाच्या अक्षरातलं पुडकं, दोराही न सोडलेलं. सरांनी आधी ते उचललं.

"एवढ्या आणल्या काहून?" रत्नपालनं विचारलं.

"फुकट हायेत म्हणून."

"मग जनावराला दिल्या काहून न्हाईत?"

"फुकट हायेत म्हणून!" गोजरबाई त्याच्याकडे कीव करत पाहू लागली. "फुकटच्या औषधाला कधी गुण येतो का रे लेकरा? पैसा मोजल्याशिवाय औषध अंगी लागत न्हाई. कोणी घेऊ नये असं न्हाई, पण खाऊ नये."

सरांनी आयुष्यभर जीवशास्त्र शिकवलं होतं. इतका उत्तम परिणाम देणारं इतकं चुकीचं कारण त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी पुडकं उघडून औषध घेतलं. वरचा कागद गोजरबाईनं मागून घेतला. मजबूत होता आणि त्यावर दीक्षाचं नाव, 'पशुवैद्य' अशी पदवी आणि फोन नंबर होता.

वकिलाला औषध सुरू झालं. करुणाबाईंनी स्वतः घड्याळ लावून, गूळ न लावता, एकही मात्रा न चुकवता कोर्स पुरा केला. सूज ओसरली, जखमेला खपली धरली, आणि एके दिवशी वकील चारही पायांवर फाटकापर्यंत पळत गेला आणि दूधवाल्यावर भुंकला. दूधवाला सोडून सगळ्यांना समाधान वाटलं.

ते समाधान थोडे दिवस टिकलं. मग दीक्षाचा फोन आला.

"पप्पा, ही डॉक्टर गोजरबाई कोण?"

"कोण?"

"डोंगरकड्याहून, हट्ट्याहून फोनच फोन येऊन राहिलेत. सगळे म्हणतात, 'गोजरबाईनं पाठवलं.' कुणाच्या कुत्र्याचा कान, कुणाच्या मांजरीचा डोळा. आणि विशेष म्हणजे घरी कुणी काही दिलेलं नसतं. उरलेल्या गोळ्या तिच्या ट्रंकेत टाकून आले म्हणतात. असं केलं की गुण येतो म्हणे."

सर फाट्यावर गेले. झालं होतं ते साधंच होतं. सरांची पोरगी डॉक्टर, तरी त्यांच्या कुत्र्याला गुण आला तो गोजरबाईच्या घरून आणलेल्या औषधाचा, हे सटवाजीनं प्रत्येक चहाबरोबर सांगितलं होतं. तिथून पुढे गोष्ट पायांवर चालली. औषध गोजरबाईच्या ट्रंकेत गेलं, की तिच्या हाताचा गुण लागतो. घरी गोळी ठेवली तर लागत नाही. ट्रंकेत टाकायची, कागदावरच्या डॉक्टरीणबाईला फोन करायचा, त्या सांगतील ते औषध पैसे देऊन घ्यायचं. भिंतीवरच्या पेटीकडे आता कुणी ढुंकूनही पाहत नव्हतं.

"ही अंधश्रद्धा आहे," घरी येऊन सर म्हणाले. "उद्या मी डोंगरकड्याला जातो आणि चारचौघांत खरं काय ते सांगतो. मंडळाचं कामच ते आहे."

करुणाबाई वकिलाचा पंजा पुसत होत्या. "सांगा की. मग परवापासून गोळ्या परत भाकरीत जातील."

"म्हणून काय खोटं पसरू द्यायचं?"

"खोटं बोलू नका," करुणाबाई म्हणाल्या. "विचारलं तेवढंच खरं सांगा."

दुसऱ्या दिवशी सर डोंगरकड्याला पोहोचले, तेव्हा गोजरबाईच्या अंगणात बरीच मंडळी बसली होती. कुणाच्या मांडीवर मांजर, कुणाच्या हातात कुत्र्याची दोरी, सगळ्यांच्या मुठीत गोळ्या. ट्रंकेशेजारी दुसरी ट्रंक आली होती. सरांनी घसा खाकरला.

"मंडळी, मला तुमाला एक खरी गोष्ट सांगायची हाय."

"सांगा की, सर," एक म्हातारा सरकून जागा करत म्हणाला. "आधी हे सांगा, तुमच्या कुत्र्याचा पाय काढायचा होता म्हणतात, ते खरं का?"

"खरं हाय."

"अन् आता चारी पायांवर पळतो?"

"पळतो."

"औषध कुठनं नेलं होतं?"

सरांनी मुठीतल्या गोळ्यांकडे पाहिलं, उघड्या ट्रंकेकडे पाहिलं, म्हाताऱ्याच्या पायाशी कान खाजवत बसलेल्या लंगड्या कुत्रीकडे पाहिलं.

"हितूनच," सर म्हणाले. "गोजरबाईंच्या घरून."

अंगणात समाधानाची कुजबुज पसरली. सर एक शब्दही खोटं बोलले नव्हते. म्हाताऱ्यानं आपल्या गोळ्या ट्रंकेत टाकल्या आणि दीक्षाला लावलेला फोन सरांच्या हातात दिला, कारण डॉक्टरीणबाईशी नीट बोलता येईल असा शिकलेला माणूस तिथं तेवढाच होता.