बिनक्लचची गाडी

१९९८ च्या जून महिन्यात नगरच्या सावेडीतले निवृत्त एसटी कंडक्टर गुलाब शेख यांनी विमानाचं चौथं स्टिअरिंग दुकानात परत केलं. त्यांच्याकडे विमान नव्हतं. कॉम्प्युटर होता, त्यात विमान चालवायचा खेळ होता, आणि तो खेळ ते स्वतः कधीच खेळत नसत.

परत करण्याचं कारण त्यांनी दुकानात मोठ्यानं सांगितलं. मी शेजारी उभा होतो.

"याला पाय हायेत."

दुकानदारानं खोक्यात पाहिलं. स्टिअरिंगबरोबर पायानं दाबायची दोन पेडल होती. "काका, ती फुकट आहेत."

"फुकट असू द्या. काढून ठेवा."

"काढता येत नाहीत. सेट आहे तो."

"मंग सेट ठेवा तुमच्याकडं," असं म्हणून गुलाबभाई पायऱ्या उतरले. दुकानदारानं माझ्याकडे पाहिलं.

गुलाबभाई माझे शेजारी. मी जिल्ह्याच्या एका दैनिकात बातमीदार, त्यामुळे ते मला "पत्रकार" म्हणत आणि एकाच दिवसात तीन-चार वेळा डोकावून जात. त्यांना एका जागी थांबता येत नसे. घरातला अरुंद बोळ ते सकाळपासून पुढून मागं आणि मागून पुढं चालत. लग्नाच्या पंगतीत ते उभ्याउभ्या लोकांना सरकवत. "पुढं सरका, आत जागा हाय," हे त्यांचं वाक्य. एकदा मयतीला गेलेले असताना दारातली गर्दी पाहून त्यांच्या तोंडून ते निघून गेलं. लोक खरोखर पुढं सरकले.

स्टिअरिंगची ही धावपळ एका माणसासाठी चालली होती. त्यांचं नाव भागीनाथ साळवे, गाव सोनई. एसटीत ड्रायव्हर. नगर–अकोले–राजूर या गाडीवर दोघांची ड्यूटी वर्षानुवर्षं एकत्र होती. श्रावणाच्या अखेरीस भागीनाथ नगरच्या दवाखान्यात तपासणीला येणार होते, आणि तेव्हा एकदा घरी येऊन खेळ बघायला कबूल झाले होते.

"एकदाच बसंल," गुलाबभाई म्हणत. "स्टिअरिंगवर हात बसला न्हाई तर उठंल, आन् पुन्हा यायचा न्हाई. मी वळखतो त्याला."

म्हणजे संधी एक होती, आणि तिच्याआधी योग्य ते स्टिअरिंग मिळायला हवं होतं.

पहिलं आलं ती जॉयस्टिक होती. पुण्याहून त्यांच्या मुलानं, आसिफनं, आणली. आसिफचा सावेडीतच कॉम्प्युटर क्लास होता, घरातला कॉम्प्युटरही तिथलाच जुना. गुलाबभाईंनी ती उभी काठी हातात धरून पाहिली आणि विचारलं, "हिनं म्हशी वळवायच्या का?"

दुसरं मोटारीच्या शर्यतीचं गोल चाक होतं. ते फक्त फिरत असे. विमान वर न्यायला स्टिअरिंग छातीकडे ओढावं लागतं, खाली न्यायला पुढं ढकलावं लागतं. हे चाक ओढल्यावर टेबलासकट पुढं आलं.

तिसरं खरं विमानी होतं. दुकानदार त्याला योक म्हणे. ते वरच्या बाजूनं उघडं, दोन मुठींचं असतं. गुलाबभाईंनी ते उलटसुलट केलं. "वरचा भाग कुनी खाल्ला?" आसिफनं समजावलं की विमानात असंच असतं. मग ते टेबलाला घट्ट बसेना, कारण टेबलाची फळी जाड. गुलाबभाईंनी करवतीनं टेबल कापलं. टेबल बरोबर झालं, पण योकची स्प्रिंग इतकी कडक निघाली की वळवताना चालवणाऱ्याचा खांदा वर जाई.

ही खांद्याची परीक्षा त्यांची स्वतःची होती. ते खुर्चीमागं पाय फाकवून उभे राहत, डावा हात खुर्चीच्या पाठीवर ठेवत आणि चालवणाऱ्याचं मागून निरीक्षण करत. "डायवर मागूनच कळतो. खांदा वर गेला, गाडी जड. मान ताठ झाली, रस्ता खराब."

चालवायला कुणीतरी लागे. बहुतेक वेळा समोरच्या बंगल्यातले कुलकर्णी असत, बँकेतून निवृत्त. खेळात नगर नव्हतं, म्हणून विमान मुंबईहून सुटे. "मुंबई म्हंजी आपला माळीवाडा स्टँड धरा," असं गुलाबभाईंनी ठरवून टाकलं होतं. ते अडकित्त्यानं लोखंडी कपाटावर दोन टोले देत, मग विमान सुटायचं. एक टोला म्हणजे थांबा.

स्क्रीनवर खाली हिरव्या-तपकिरी रंगाचे सपाट चौकोन दिसत. गावं गुलाबभाई सांगत.

"राहुरी गेली. आता लोणी." टोला. "थांबवा."

"कुठं थांबवू?" कुलकर्णी म्हणाले. "अहो, तीन हजार फुटांवर आहोत आपण."

"त्याचं तिकीट लोणीचं हाय."

"कोणाचं?"

"जो उतरनार हाय त्याचं. तुमी गाडी थांबवा, कुलकर्णी. रोजचा मानूस हाय."

कुलकर्णींनी खेळ थांबवायचं बटन दाबलं. विमान आकाशात उभं राहिलं. गुलाबभाईंनी माणूस उतरेपर्यंत वाट पाहिली, दार लावल्यासारखा हात केला आणि दोन टोले दिले. कुलकर्णी नंतर मला म्हणाले, "वेड लागलंय त्यांना." पण दुसऱ्या दिवशी ते पुन्हा गेले.

जुलैमध्ये मला बातमीसाठी सोनईला जायचं होतं. गुलाबभाई न विचारता जीपमध्ये येऊन बसले.

भागीनाथ घराच्या ओट्यावर बसले होते, रस्त्याकडे पाठ करून. अंगानं थोराड, हात भलेमोठे. डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. शुगरमुळे जखम चिघळली आणि तो काढावा लागला. त्याबरोबर नोकरीही संपली. उरलेली नोकरी गुलाबभाईंनी दुसऱ्या ड्रायव्हरबरोबर केली.

"आला का मास्तर," भागीनाथ मान न वळवता म्हणाले. "आता काय आनलं?"

"काय न्हाई. पत्रकारांचं काम हुतं, मी बसलो गाडीत."

मागून रस्त्यानं एक एसटी गेली. भागीनाथांनी कान दिला. "दुसऱ्या गिअरात उचलतोय चढाला. मारनार हाय गाडी." मग थोड्या वेळानं, "तुजं इमान कुटवर आलं?"

"झालंच. स्टिअरिंग तेवढं राह्यलंय."

"पाय लागतो का कुटं?"

"न्हाई."

"बघ हां मास्तर. पाय लागला तर मी तिथंच उतरनार. ते स्कूटरवानी करू नको."

स्कूटरची हकिकत त्यांच्या सुनेनं चहा देताना सांगितली. गुलाबभाईंनी मागच्या वर्षी एक स्कूटर आणली होती, मागं दोन जास्तीची चाकं लावून. भागीनाथ तिच्यावर बसलेच नाहीत. "मामंजी म्हनले, हिच्यावर बसून मी काय भाजी इकू? हिला पाशिंजर कुटं हायेत?" सून हसली. भागीनाथ हसले नाहीत. गुलाबभाई ओट्याखाली येरझाऱ्या घालत होते.

सुनेनं आणखी एक सांगितलं, ते आवाज उतरवून. पाय गेल्यापासून सासरे कुठल्याही गाडीत पुढं बसत नाहीत. दवाखान्यात नेतानाही जीपमध्ये मागं आडवे होतात आणि तोंड पत्र्याकडे करतात.

परतताना पांढरीपूल मागं पडल्यावर गुलाबभाई आपणहून बोलले.

"क्लच डाव्या पायानं दाबत्यात, पत्रकार. आसिफनं पयल्यांदा ह्यो खेळ लावला, तवा मी मागं उभा हुतो. म्हनलं, क्लच कुठाय? तर म्हनला, अब्बा, विमानाला क्लच नसतो." त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "मी म्हनलं, परत म्हन."

पेडलांचं कोडं तिथं सुटलं. दुकानदारालाही मी ते दुसऱ्या दिवशी सांगितलं. त्यानंतर त्यानं गुलाबभाईंना पेडल फुकट देऊ केली नाहीत.

पाचवं स्टिअरिंग त्यानंच मुंबईहून कुणाचं तरी वापरलेलं मिळवलं. पेडल नाहीत, ब्रेकचं बटन मुठीवर, वेग कमीजास्त करायची दांडी वरच. स्प्रिंग वापरून सैल झालेली. आसिफनं खेळात अशी सोय शोधून काढली की पायाचं काम कॉम्प्युटर स्वतः करतो, आपण फक्त हात चालवायचे. कुलकर्णींना बसवलं. खांदा वर गेला नाही.

तरी गुलाबभाईंचा जीव थाऱ्यावर येईना. मुठी बारीक वाटत होत्या. त्यांनी बाजेला विणतात ती हिरवी प्लॅस्टिकची दोरी आणली आणि बस-ट्रकचे ड्रायव्हर गुंडाळतात तशी मुठींवर घट्ट गुंडाळली. एक थर झाला, मग दुसरा. कुलकर्णींची बोटं आता पुरी वळेनात.

"अहो, मला धरता येत नाही."

"तुमाला कुटं धरायचंय?" गुलाबभाई म्हणाले.

कुलकर्णी दोन दिवस आले नाहीत.

ठरल्या दिवशी भागीनाथ दवाखान्यातून दुपारी आले. कुबड्या दाराला टेकवल्या आणि आसिफच्या आधारानं खुर्चीत बसले. गुलाबभाई त्यांच्या मागं, आसिफ बाजूला, कुलकर्णी आणि मी भिंतीशी. सकाळपासून गुलाबभाईंनी खोली तीनदा झाडली होती.

भागीनाथांनी खाली वाकून आधी टेबलाखाली पाहिलं. तिथं काही नव्हतं. मग दोन्ही मुठी धरल्या. दोरीवरून अंगठा फिरवला. स्टिअरिंग थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे हलवलं.

"प्ले लई हाय. ढिलं फिरतंय."

गुलाबभाईंचा चेहरा उतरला.

"चालंल," भागीनाथ म्हणाले. "आपल्या जुन्या गाडीला याच्यापरीस जास्त हुता. हॉर्न कुठाय?"

"हॉर्न नसतो, काका," आसिफ म्हणाला.

"बिगर हॉर्नाची गाडी घाटात घालायची?"

"समोर कुणी येत नाही."

"समद्यांना असंच वाटतं."

दोन टोले पडले. विमान धावपट्टीवर पळायला लागलं. आसिफ म्हणाला, "आता ओढा, काका. सावकाश." भागीनाथांनी ओढलं. धावपट्टी खाली गेली, मुंबई तिरकी झाली, मग सरळ. त्यांनी ओठ आवळले होते, पण खांदे खाली होते. टेबलाखाली त्यांची डावी मांडी मधूनमधून खाली दाबली जात होती. गुलाबभाई उभे होते तिथून ते दिसत होतं.

त्या दिवशी गुलाबभाईंनी एकही गाव पुकारलं नाही. शेवटी भागीनाथांनीच विचारलं.

"राहुरी गेली का?"

"गेली."

"मंग सांगायचं न्हाई का?"

"तू चालव."

"संगमनेरला च्या हाय का थेट जायचं?"

"थेट."

"थेट तर थेट." भागीनाथांनी वेगाची दांडी पुढं सारली. "राजूरला टायमात पोचवतो. बस तू निवांत."

त्यानंतर थोड्या वेळानं स्क्रीन काळा झाला. पंखाही थांबला. आसिफ बाहेर जाऊन डोकावून आला. सगळ्या गल्लीची वीज गेली होती.

भागीनाथांचे हात मुठींवर तसेच होते. "काय झालं?"

"लाइट गेली," आसिफ म्हणाला.

"म्हंजी बंद पडली."

भागीनाथ काळ्या स्क्रीनकडे पाहत राहिले. मग मागं न वळता म्हणाले, "मंग जा तू, मास्तर. पाशिंजरांना दुसरी गाडी बघ."

एसटी वाटेत बंद पडली की कंडक्टर प्रवाशांना मागून येणाऱ्या गाडीत बसवतो आणि त्यांच्याबरोबर पुढं जातो. ड्रायव्हर गाडीपाशी थांबतो. दुरुस्तीवाले येईपर्यंत तो एकटा असतो, मग ती दुपार असो की पाऊस. राजूरच्या रस्त्यावर भागीनाथ असे किती वेळा थांबले, हे त्या खोलीत दोघांनाच माहीत होतं.

गुलाबभाई सवयीनं दारापर्यंत गेले. उंबऱ्याशी थांबले. मग परत आले, कोपऱ्यातलं स्टूल उचललं आणि खुर्चीला लागून ठेवलं.

"पाशिंजर कुठायत?" ते म्हणाले.

भागीनाथांनी मान वळवून कुलकर्णींकडे आणि माझ्याकडे पाहिलं. "हे दोघं?"

"ते पासवाले हायेत. जातील चालत."

कुलकर्णी आणि मी चपला घालून निघालो.

वीज चार वाजून गेल्यावर आली, असं आसिफनं मला संध्याकाळी सांगितलं. तोपर्यंत दोघंही जागेवर होते.