शरबती गव्हाचा शास्त्रशुद्ध बंदोबस्त

यंदा वर्षाचा गहू मी भरायचा असं ठरवलं.

मी धान्याच्या गोदामांचा निरीक्षक. बावीस वर्षं दुसऱ्यांची गोदामं नापास करत आलोय. आणि माझ्याच घरी, ग्वाल्हेरच्या थाटीपूरमधल्या सरकारी क्वार्टरमध्ये, आमची बायको शामला दर एप्रिलला गव्हाला एरंडेल चोळते, कडुनिंबाचा पाला घालते आणि कोठी गच्च बंद करते!

"हे अवैज्ञानिक आहे," मी म्हणालो.

"कीड लागलीय का कधी?"

"प्रश्न नियमांचा आहे. यंदा मी भरतो. एक जरी किडा निघाला, तर वर्षभर गहू मी निवडीन!"

"अंतरा, ऐकलंस ना?" शामलानं लेकीला विचारलं. अंतरानं ऐकलं होतं आणि फोनवर रेकॉर्डही केलं होतं.

मी नियमांची यादी टाईप करून भिंतीला चिकटवली. धान्य जमिनीला टेकू नये, भिंतीपासून दोन फूट दूर असावं, हवा खेळती असावी, जागा थंड असावी. आमच्या क्वार्टरमध्ये भिंतींपासून दोन फूट सोडले की उरतो बैठकीचा मध्य. तिथे दिवाण मोडून त्याच्या फळ्यांवर चार पोती रचली. (त्या दिवाणावर मी झोपत असे. त्या दिवसापासून मी जमिनीला टेकलो.)

राहिला थंडपणा. मे महिन्यात ग्वाल्हेरला थंड जागा आणायची कुठून? मी कूलरचं तोंड पोत्यांकडे वळवलं. आम्ही तिघं घामानं निथळतोय आणि गहू मजेत वारा खातोय.

"बाबा, थोडी हवा हमें भी दो ना! हद है यार," अंतरा करवादली.

"धान्य आधी."

"अहो, कूलरच्या टाकीत रोज चार बादल्या पाणी ओतताय," शामला म्हणाली. "ते जातं कुठे?"

"हवेत," मी ऐटीत म्हणालो. (ओलाव्यावरून गोदामं नापास करणाऱ्या माणसाचं उत्तर!)

जूनमध्ये एका सकाळी अंतरा किंचाळली, "बाबा, गेहूँ चल रहा है!"

चालतच होता. सोंडे किडे फळ्यांवरून रांगेनं उतरत होते. कूलरसमोरच्या पोत्यातून हिरवे कोंब बाहेर डोकावत होते. ऑफिसातून ओलावा मोजायचं यंत्र आणलं. आकडा पाहून सवयीनं तोंडातून शब्द निघाला, "नापास." आणि मग खरंच रडू आलं हो. वर्षाच्या पोळ्या होत्या त्या!

शामलानं मला हाताला धरून मागच्या खोलीत नेलं. तिथे जुनी कोठी होती. तिनं झाकण उघडलं. आत एरंडेल लावलेला, पाल्यात मुरलेला, दाणा न्‌ दाणा लखलखीत शरबती गहू!

"पोती सहा आणली होती," ती म्हणाली. "तुम्हाला चारच दाखवली."

झाकणावर कागद चिकटवला होता. शामलाचं अक्षर: 'ओल, उंदीर आणि निरीक्षक यांपासून दूर ठेवावे.'

खाली माझ्याच बॅगेतला 'पास'चा शिक्का मारला होता. बावीस वर्षांत तो इतक्या योग्य जागी माझ्या हातून कधी पडला नव्हता.

अंतरानं फोनवरचं रेकॉर्डिंग लावलं. मी मुकाट्यानं सूप उचललं आणि गच्चीवर गेलो.