सहाशे सव्वीस तासांची झोप

या परदेशच्या सहलीतून तबलजींना जे मिळवायचं होतं, ते सहलीच्या कुठल्याही माहितीपत्रकात छापलेलं नव्हतं. त्यांना हवी होती झोप. सहाशे सव्वीस तास. आकडा त्यांनी विमानात बसल्याबसल्याच काढला होता. बायकोचा रियाज पहाटे पाच ते सात, रविवारी सुट्टी. रियाजाला ठेका लागतो आणि ठेक्याला घरातल्या घरात नवरा. गेली बावीस वर्षं ते पाचला उठून, एक डोळा मिटलेला ठेवून वाजवत आले होते. पैज जिंकली की वर्षभर रियाज सातला सुरू होणार होता. रोजचे दोन तास, गुणिले तीनशे तेरा दिवस. ज्याचा जन्म मात्रा मोजण्यात गेला, तो हिशेबात चुकतो होय?

पैज बॅगा भरताना लागली होती.

“दहा दिवस संगीताला सुट्टी,” तबलजी म्हणाले. “तुला जमायचं नाही म्हणा. तू कांदा चिरतानासुद्धा आलाप घेतेस.”

“आणि तुमची बोटं झोपेत माझ्या पाठीवर चालतात, त्याचं काय?” बाई म्हणाल्या. शिष्यिणी त्यांना बाई म्हणत, म्हणून सगळेच म्हणत. भांडण हरल्यावर तबलजीसुद्धा.

ठरलं असं, की जो आधी गाईल, वाजवेल किंवा नुसता ताल जरी धरेल तो हरला. तबलजी हरले तर वर्षभर दर रविवारी मेहुणीच्या गायनवर्गाला साथ करायची. त्या वर्गात चौदा मुली होत्या आणि त्या चौदा लयींत गात. तिथे एकदा बसून आल्यावर तबलजींना दोन दिवस जिना उतरताना पायरी चुकत होती.

परदेशात पोचल्यावर जुना पूल, घड्याळाचा मनोरा, राजवाडा, सगळं त्यांनी कोटाच्या खिशात हात घालून पाहिलं. पण ट्रामला कोण काय सांगणार? तिची चाकं रुळांच्या सांध्यांवरून सरळसरळ दादरा वाजवत निघाली, आणि खिशांतली दहाही बोटं पिंजऱ्यातल्या उंदरांसारखी धावायला लागली. बाहेरून दिसलं ते एवढंच, की एका पन्नाशीच्या गृहस्थाचा कोट थरथरतोय.

“वाजवलंत,” बाई म्हणाल्या.

“थरथरलो. पैजेत थरथरणं नव्हतं.”

ही थरथर तिसऱ्या दिवशी नाश्त्याच्या वेळी घरमालकीणबाईंनी पाहिली. त्यांच्याच घरात वरची खोली या दोघांनी भाड्याने घेतली होती. त्या निवृत्त नर्स होत्या, आणि तीन वर्षांत त्यांना एकही पेशंट मिळाला नव्हता. स्वयंपाकघरातलं धुण्याचं यंत्र गरागरा फिरत होतं, त्याच्या लयीवर तबलजींच्या हातातला कप बशीवर नाचत होता. मालकीणबाईंनी हळूच तो कप काढून घेतला आणि त्यांना दोन कानांचा, लहान मुलाचा पेला दिला.

दुपारपर्यंत पाहुण्यांच्या आजाराची बातमी गल्लीभर झाली. ट्रामच्या चालकाने स्वतः खाली उतरून तबलजींना हाताला धरून वर घेतलं. फुलवालीने एक गुच्छ दिला आणि डोळे पुसले. संग्रहालयाच्या पहारेकऱ्याने चाकांची खुर्ची आणली आणि रांगेतल्या साठ माणसांना बाजूला करून ती थेट आत नेली.

“अहो, सांगा ना त्यांना तुम्ही धडधाकट आहात म्हणून.”

“सांगितलं तर उठावं लागेल,” तबलजी गुच्छ मांडीवर नीट ठेवत म्हणाले. “जरा डावीकडे ढकल. तो पुतळा राहिला.”

इतकी बडदास्त त्यांची स्वतःच्या लग्नातही झाली नव्हती. दिवस उलटत होते, बाई गप्प होत्या, बोटं खिशात होती. आठव्या दिवशी तबलजींनी घरची उशी बदलायचंही ठरवून टाकलं.

त्याच दिवशी मालकीणबाईंनी त्यांना आपल्या ओळखीच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांचं इंग्रजी आणि तबलजींचं इंग्रजी सारखंच मोडकं होतं, त्यामुळे एकमेकांचं छान समजत होतं.

“हात टेबलावर ठेवा,” डॉक्टर म्हणाले. “आता बोटं आपटा. एकामागून एक. एकसारखी.”

समोर लाकडी टेबल. जुनं, पोकळ, गोड आवाजाचं. तबलजींनी बायकोकडे पाहिलं. बाई खुर्चीच्या कडेवर येऊन बसल्या होत्या. एकसारखं आपटणं म्हणजेच वाजवणं, आणि वाजवणं म्हणजे चौदा मुली. तबलजींनी मन घट्ट केलं आणि जन्मात पहिल्यांदा मुद्दाम बेताल वाजवलं. सोपं नव्हतं ते. हात सवयीने समेकडे धावे, ते त्याला कॉलर धरून मागे ओढत.

डॉक्टरांचा चेहरा उतरला. “पुन्हा.”

दुसऱ्यांदा आणखी वाईट वाजलं. मालकीणबाईंनी रुमाल काढला. डॉक्टरांनी एक कागद ओढला. “आजच दाखल व्हा. तीन आठवडे. विमानप्रवास बंद.”

“अहो, पुरे झालं,” बाई मराठीत म्हणाल्या. “हरलो म्हणा आणि चला घरी.”

“तीन आठवडे तर तीन आठवडे,” तबलजी म्हणाले. “झोपायलाच मिळेल.”

“शेवटचं एकदा,” डॉक्टर म्हणाले.

तिसऱ्यांदा तबलजींनी असा काही ठेका धरला, की तो ऐकून भिंतीवरचं घड्याळ थांबलं असतं. सातवी मात्रा दोनदा आली, नववी आलीच नाही. आणि बाईंना ते सोसेना. इस्पितळ सोसलं असतं त्यांना, हे नाही. त्यांचा हात ताडकन मांडीवर पडला.

“अहो, सम कुठे टाकलीत?” असं म्हणून त्यांनी टाळी देत, खणखणीत आवाजात मुखडा घेतला आणि नवऱ्याला समेवर आणून सोडलं.

“हरलीस,” तबलजी म्हणाले, आणि आठ दिवसांची उपाशी बोटं त्या टेबलावर तुटून पडली. बाईही आता कशाला थांबतात! पंचवीस मिनिटं डॉक्टरांचं टेबल गाजलं. बाहेर ताटकळलेले पेशंट दारात गोळा झाले, त्यातल्या एकाने कुबडी बाजूला ठेवून टाळ्या वाजवल्या. तबलजी उठून चारी दिशांना नमस्कार करत सुटले.

या गडबडीत डॉक्टर बाईंना काहीतरी विचारत होते, ते तबलजींनी ऐकलं नाही. डॉक्टरांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, की मेलेली बोटं या बाईंच्या गाण्याने जिवंत झाली. “तुम्ही रोज केव्हा गाता?” त्यांनी विचारलं. बाईंनी क्षणभर नवऱ्याच्या आनंदी पाठीकडे पाहिलं आणि उत्तर दिलं. डॉक्टरांनी ते लिहून घेऊन खाली शिक्का मारला.

घरी आल्यावर पहिल्याच पहाटे पाचला बाईंनी तबलजींना हलवलं.

“रियाज सातला,” तबलजी नव्या उशीतून म्हणाले. “पैज जिंकलोय मी.”

“रियाज सातलाच आहे. मी शब्दाची पक्की आहे. हे तुमचं औषध.” बाईंनी कागद पुढे धरला. पहाटे पाच ते सात, लाकडी किंवा चामडी पृष्ठभागावर, पत्नीच्या गाण्यासोबत. एकही दिवस चुकवू नये.

“मला काहीही झालेलं नाही, तुला माहीत आहे!”

“मला माहीत आहे हो. पण मालकीणबाईंना मी काय कळवू? औषध चालू आहे का, म्हणून त्या दर शनिवारी फोन करणार आहेत. फुलवालीसुद्धा विचारत होती.”

तबलजींना चाकांची खुर्ची आठवली. गुच्छ आठवला. दोन कानांचा पेला आठवला. ते उठले.

तेव्हा हिशेब असा झाला. पैज हरलेल्या बाईंचा रियाज दोन तासांवरून चार तासांवर गेला, तोही साथीसकट. मेहुणीला काही मिळालं नाही, पण तिचं काही गेलंही नाही. आणि पैज जिंकलेले तबलजी पाचला औषध घेतात, सातला रियाजाला बसतात आणि मनातल्या मनात मोजतात: सहाशे सव्वीस तास मिळायचे होते ते राहिलेच, वर आणखी एकशे चार गेले. कारण रियाजाला रविवारी सुट्टी होती. औषधाला नाही.